मंडीदीपचा फोटोग्राफर : काउंटर, कारखाना आणि मांडव

औद्योगिक गावातल्या व्यावसायिक फोटोग्राफरचे काम तीन ठिकाणी वाटलेले असते: स्टुडिओचे काउंटर, कारखाना आणि लग्नाचा मांडव. तिन्हीकडचा उजेड वेगळा, लोकांची घाई वेगळी आणि फोटोचा उपयोगही वेगळा. पण काढलेल्या फोटोवर दुसऱ्या कुणाला तरी विसंबायचे असते, ही गोष्ट तिन्हीकडे सारखीच. गेटवरचा रखवालदार ओळखपत्रावरच्या चेहऱ्यावर विसंबतो, दूरचा खरेदीदार मालाच्या फोटोवर, आणि लग्नघरातली माणसे अल्बमवर. त्या विश्वासाला उतरणे हा या धंद्याचा गाभा आहे.

मंडीदीप रायसेन जिल्ह्यात, भोपाळच्या दक्षिणेला नर्मदापुरमकडे जाणाऱ्या महामार्गावर, भोपाळपासून साधारण २३ किलोमीटरवर आहे. भोपाळ–इटारसी लोहमार्गही येथूनच जातो. १९७०च्या दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. एचईजीचा ग्राफाइट इलेक्ट्रोडचा कारखाना, ल्युपिनचा औषधनिर्मितीचा प्रकल्प, प्रॉक्टर अँड गँबलचा कारखाना, आणि २००५ मध्ये टाफे कंपनीकडे गेलेला आयशर ट्रॅक्टरचा कारखाना ही त्यांतली ठळक नावे. अशा गावात फोटोग्राफरचे वर्ष पंचांग आणि कारखान्यांची दिनदर्शिका या दोहोंवर चालते. देवउठनी एकादशीला लग्नांचा हंगाम उघडतो, धनुर्मासात थांबतो, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ऐन भरात येतो आणि चातुर्मासात बंद होतो. कारखान्यांकडून ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन व त्याला जोडून येणारा सप्ताह, १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा, नव्या यंत्राचे उद्घाटन आणि वार्षिक अहवालाची छायाचित्रे अशी कामे येतात. लग्ने नसलेल्या महिन्यांत याच कामांवर दुकानाचे भाडे आणि मदतनिसाचा पगार निघतो.

काउंटरवरचे काम

रोजचा गल्ला पासपोर्ट फोटोंवर चालतो. गेट पास, बँकेचे खाते, शाळेचा दाखला, सरकारी योजनेचा अर्ज, प्रत्येकाला फोटो लागतो. गर्दी होते ती पाळी सुटल्यावर किंवा पाळी लागण्याआधी. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो चार बाय सहा इंची एका कागदावर बसतात, म्हणून आठाचा संच हा या धंद्यातला रूढ हिशेब आहे.

काम लहान असले तरी त्याची रीत ठरलेली असते. माणसाला पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवले की डोक्यामागे सावली पडत नाही. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड दिला की नाकाची सावली गालावर उतरत नाही. चष्म्यावर चकाकी आली तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावे लागते. दिवसभर उन्हात माल चढवणारा कामगार बसला असेल, तर त्याच्या रंगाप्रमाणे उजेड मोजावा लागतो. फोटो गोरा करून देण्याची मागणी वारंवार होते. पण ओळखपत्रावरचा चेहरा समोरच्या माणसाशी जुळला नाही तर अडवणूक त्याचीच होते. त्वचेवरचा घाम आणि थकवा कमी करावा, रंग आणि चेहऱ्याची ठेवण बदलू नये, ही जबाबदार स्टुडिओची मर्यादा असते.

याच काउंटरवर दुःखाची कामेही येतात. घरातले माणूस गेले की नातेवाईक मोबाइलमधला एखादा समूहफोटो घेऊन येतात आणि त्यातला चेहरा वेगळा काढून मोठा करून मागतात. चेहरा अनेकदा नखाएवढा असतो. पार्श्वभूमी काढणे, खांद्यावर आलेला दुसऱ्याचा हात पुसणे, कॉलर पूर्ण करणे आणि डोळे शक्य तितके मूळचे ठेवणे हे काम काही तासांत करावे लागते. घरच्यांना तो चेहरा ओळखीचा वाटला पाहिजे. म्हणून येथे गुळगुळीतपणापेक्षा सुरकुत्या आणि चामखीळ जपणे महत्त्वाचे ठरते.

कारखान्याच्या आत

कारखान्यातले काम कॅमेरा पिशवीतून काढण्याच्या बरेच आधी सुरू होते. गेटवर उपकरणांची यादी नोंदवली जाते, सुरक्षेची माहिती दिली जाते, हेल्मेट, गॉगल आणि सेफ्टी शूज घालूनच आत सोडले जाते. ज्वलनशील द्रावके हाताळली जातात त्या भागात कॅमेरा आणि फ्लॅश नेण्यास सहसा बंदी असते, कारण साध्या विद्युत उपकरणातली ठिणगीही तेथे धोक्याची असते. लेखी परवाना आणि सुरक्षा अधिकाऱ्याची सोबत असल्याखेरीज तेथे काम होत नाही. फिरत्या यंत्राजवळ कॅमेऱ्याचा पट्टा लोंबता ठेवत नाहीत. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून पाऊल टाकायचे नाही, हा सर्वांत कडक नियम. आधी थांबायचे, मग पाहायचे, फोटो काढायचा, कॅमेरा खाली घ्यायचा आणि मग चालायचे.

ग्राफाइट इलेक्ट्रोडचा फोटो हा या कौशल्याचा चांगला नमुना आहे. भाजलेल्या पेट्रोलियम कोकमध्ये डांबरी पिच मिसळून कांड्या घडवतात, त्या भट्टीत भाजतात आणि अखेर विजेच्या प्रवाहाने सुमारे ३००० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यांचे ग्राफाइट करतात. पोलाद वितळवणाऱ्या विद्युत भट्ट्यांमध्ये या कांड्या वापरल्या जातात. तयार कांडी काळपट राखाडी, मंद चकाकीची आणि माणसाच्या उंचीपेक्षा लांब असते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. त्यामुळे काळ्या कांड्यांचा ढीग चौकटभर घेतला की तो फोटो जास्त उजळ करतो आणि ग्राफाइट धुळकट सिमेंटसारखे दिसते. म्हणून एक ते दोन स्टॉप उजेड मुद्दाम कमी करावा लागतो. कांडीच्या टोकाला दुसरी कांडी जोडण्यासाठी आटे पाडलेले असतात. समोरून फ्लॅश मारला तर ते आटे सपाट होतात. बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर उजेड सोडला की प्रत्येक आट्याची एक कड चमकते, दुसरी अंधारात जाते आणि यंत्रकामाची अचूकता दिसू लागते. शेजारी एक कामगार उभा केला की आकारमानाचाही अंदाज येतो. ग्राफाइटची धूळ वीजवाहक असते आणि उपकरणात शिरली तर घात करते. त्यामुळे आत लेन्स बदलत नाहीत. दोन कॅमेऱ्यांना दोन लेन्स लावूनच जातात.

औषधाच्या कारखान्यात अडचण उलट असते. पांढऱ्या भिंती, स्टेनलेस स्टीलची भांडी आणि पांढरा पोशाख दिसला की प्रकाशमापक फोटो काळवंडून टाकतो. येथे उजेड वाढवावा लागतो. चकचकीत स्टीलमध्ये छतावरचे दिवे आणि खुद्द फोटोग्राफर दिसतो, म्हणून कोन बदलत, मोठ्या पांढऱ्या पडद्याआडून मऊ उजेड देत काम करतात. निर्जंतुक विभागात जायचे तर अंगभर पोशाख आणि अल्कोहोलने पुसलेली उपकरणे लागतात. पुष्कळदा काचेबाहेरूनच फोटो घ्यावा लागतो. तेव्हा लेन्स काचेला टेकवून ठेवली की परावर्तन टळते.

छतावरच्या दिव्यांचाही एक त्रास असतो. भारतातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुने ट्यूबलाइट आणि मर्क्युरी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटरचा वेग फार ठेवला तर एका फोटोत उजेड पिवळा, दुसऱ्यात हिरवट येतो किंवा आडवे पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला की ही लय पूर्ण पकडली जाते. वेगवेगळ्या काळात बसवलेले दिवे एकाच ठिकाणी असतील, तर राखाडी कार्डाचा फोटो आधी घेऊन ठेवतात, म्हणजे नंतर रंग दुरुस्त करायला आधार मिळतो.

फोटोतली माणसे ही याहून मोठी जबाबदारी असते. एका कामगाराने गॉगल कपाळावर सरकवलेला असेल तर तो फोटो सुरक्षा विभागाला चालत नाही. मागच्या फळ्यावर उत्पादनाची आकडेवारी किंवा पिंपावर मिश्रणाचे नाव दिसत असेल तर कंपनी तो अडवते. म्हणून चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर नजर फिरवूनच बटण दाबायचे असते. कामगाराला आधी विचारावे, त्याला त्याच्या नेहमीच्या कामातच राहू द्यावे आणि हात काम करत असतानाच फोटो घ्यावा. चांगल्या फोटोत तो यंत्राचा जाणकार दिसतो. तो जाणकार असतोच, आणि फोटोत तसे दिसणे हा त्याचा हक्क आहे.

मांडवात

भोपाळ परिसरातली बहुतेक लग्ने रात्रीची. बरात, द्वारचार, वरमाला, उत्तररात्री फेरे आणि पहाटे विदाई. फोटोग्राफर संध्याकाळी उभा राहतो तो सकाळी बसतो. वरमालेच्या वेळी रंगीत एलईडी, धूर आणि भिरभिरते दिवे एकत्र येतात. नवरीच्या लाल पोशाखाचा पोत अशा उजेडात हरवतो. लेसरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो, म्हणून डीजेच्या समोरची जागा जाणते लोक टाळतात.

भोपाळमधल्या मराठी घरातले लग्न असेल तर वेळापत्रकच बदलते. मुहूर्त बहुधा दिवसाचा असतो आणि सगळे काही एका क्षणावर येऊन ठेपते. मंगलाष्टके सुरू असताना वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला असतो. शेवटचे ‘सावधान’ झाले की तो बाजूला ओढला जातो, चहूकडून अक्षता येतात आणि पाहुणे पुढे सरकतात. ही दोन-तीन सेकंदे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून मुख्य फोटोग्राफर अंतरपाटाच्या रेषेत, एका टोकाला जागा धरतो. तेथून कापडाच्या दोन्ही बाजूंचे चेहरे एकाच चौकटीत येतात. अंतरपाट धरणाऱ्या गुरुजींशी आधीच बोलून कापड कोणत्या बाजूला जाणार हे विचारून घेतात. १/२५० सेकंदाच्या आसपास वेग ठेवला की चेहरे स्थिर राहतात आणि उडणाऱ्या तांदळांचा हलका माग दिसतो. दुसरा फोटोग्राफर त्याच वेळी आईवडिलांकडे वळलेला असतो, कारण त्यांच्या डोळ्यांतले पाणी तेवढ्यापुरतेच दिसते. नवरीचा मामा कोण, कानपिळीला तिचा भाऊ कोण, हे आधी विचारून ठेवलेले असते. हिंदी भाषक सहकारी बरोबर असेल तर विधींचा क्रम त्याला कागदावर लिहून देणे उपयोगी पडते.

फोटो काढून झाल्यावर

लग्न उरकले तरी फोटोग्राफरचे निम्मे काम बाकी असते. घरी पोहोचल्याबरोबर कार्डे उतरवून घेतात. शहाणा नियम तीन प्रतींचा: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. तोवर कार्ड पुसायचे नाही. मग निवड: मिटलेले डोळे, हललेले हात, एकाच प्रसंगाचे दहा फोटो बाजूला काढणे. त्यानंतर रंगदुरुस्ती. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल खुलवताना त्वचा नारिंगी होत नाही ना, हे तपासावे लागते.

लग्नाच्या अल्बमचे पान उघडल्यावर बहुधा १२ बाय ३६ इंचांचे असते. ३०० डीपीआयने छापायचे तर ३६०० बाय १०८०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल असते. म्हणजे एकच फोटो पानभर पसरला तर त्याचा दर्जा इंचाला सुमारे १६७ पिक्सेलवर येतो. फोटो धारदार असेल तर तो खपतो. थोडा जरी हललेला असेल तर दोष मोठा होऊन दिसतो. त्यामुळे पानभर कोणता फोटो द्यायचा हे रचनेइतकेच मोजमापावरही ठरते.

करार आणि हक्क

या व्यवसायातले बरेचसे वाद तोंडी बोलीमुळे होतात. इसार किती, बाकी केव्हा, अल्बमची पाने किती, मूळ फाइल्स द्यायच्या की नाही, कार्यक्रम लांबला तर जादा तासांचे काय, हे लिहून घेतलेले बरे. ड्रोन मागितला असेल तर २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे व्यावसायिक उड्डाणाला लागणारे प्रमाणपत्र कोणाकडे आहे, हेही ठरवावे लागते.

स्वामित्वहक्काची तरतूद अनेक फोटोग्राफरांनाही ठाऊक नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि उलट करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार काम देणारा असतो. म्हणजे कारखान्यात किंवा लग्नात काढलेला फोटो आपल्या जाहिरातीत वापरायचा असेल तर तशी अट करारात हवी. नोकरीत नसलेल्या फोटोग्राफरने स्वतःहून काढलेल्या फोटोवर हक्क त्याचाच असतो, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर तो त्याच्या हयातीत व पुढे ६० वर्षे टिकतो.

नोंदींचे जतन

रायसेन जिल्ह्याला छायाचित्रांची जुनी परंपरा आहे. इंदूरमध्ये सरकारी नोकरीत असलेल्या लाला दीनदयाळ यांनी १८८०च्या दशकात मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो जड काचेच्या प्लेटांवर घेतले, आणि ब्रिटिश अधिकारी लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६च्या ग्रंथात ते छापले गेले. याच जिल्ह्यातल्या सांचीचे त्या काळचे रूप आज कळते ते अशा छायाचित्रांमुळे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी अनोळखी बालकाच्या दफनाचे जे फोटो काढले, त्यांनी ती घटना जगाच्या स्मरणात ठेवली. बार्थोलोम्यू यांच्या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो सन्मान मिळाला.

गावातल्या स्टुडिओचे संग्रह स्मरण जपण्याच्या याच कामाचा भाग आहेत. कारखान्याची पहिली शेड, एखाद्या विभागातले जुने कामगार, वसाहतीतली पहिली लग्ने यांच्या निगेटिव्ह आणि हार्ड डिस्क अनेक दुकानांत पडून असतात. निगेटिव्हला ओल आणि बुरशी खाते. हार्ड डिस्क न वापरताही बिघडते. निगेटिव्ह कोरड्या जागी आम्लरहित पाकिटांत ठेवणे, स्कॅन करणे, डिस्क दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवणे आणि प्रत्येक फोटोला तारीख, जागा व माणसांची नावे जोडणे, एवढे केले तर हा संग्रह टिकतो. नावांची जोड सर्वांत आधी करावी, कारण फोटोतली माणसे ओळखणारे लोक हयात आहेत तोवरच ती करता येते.