नीग्रोस बेटावरील साखर आणि भूक

फिलिपीन्स हे साडेसात हजारांहून अधिक बेटांचे राष्ट्र. त्यांतले नीग्रोस हे एकच बेट आज घेतो. त्याच्या मधून डोंगरांची रांग गेली आहे; तीत कानलाओन हा जागता ज्वालामुखी. पश्चिमेची सपाटी मोठी कसदार. १८५५ साली शेजारच्या पनाय बेटावरील इलोइलो बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले, आणि या सपाटीवर ऊस पसरला. पुढे कारखान्यांनी स्वतःचे लोहमार्ग टाकले, तेही उसासाठी.

तोडणीला माणसे पनायच्या आंतिके प्रांतातून येत. त्यांना ‘साकादा’ म्हणतात. मुकादम आधी उचल देतो, मग बोटीने आणतो. हंगाम सरला तरी उचल फिटत नाही. हे येथील श्रोत्यांना निराळे समजावून सांगायला नको! मळ्यावरच राहणाऱ्या मजुरांना हंगामानंतर काम नसते. त्या महिन्यांना तिकडे ‘मेलेला काळ’ असे नाव आहे.

१९७४ साली अमेरिकेतील सवलतीची बाजारपेठ गेली. त्या वर्षी जगात भाव चढे होते, म्हणून धक्का उशिरा बसला. १९८४-८५ च्या सुमारास भाव उत्पादनखर्चाखाली घसरले, मालकांनी शेते पडीक टाकली, आणि मजुरांची मुले उपासमारीने दगावली. जमीन नापीक नव्हती. ती मजुरांची नव्हती, एवढेच.

१९८८ साली जमीनवाटपाचा कायदा झाला. वाटप रेंगाळले. ज्यांना तुकडा मिळाला, त्यांतील पुष्कळांनी भांडवलाअभावी तो मळेवाल्यांनाच पुन्हा खंडाने दिला.