लेकीने जीवभौतिकशास्त्र शिकून काय करायचं?

जोह्यात गणपतीच्या कामाची घाई सुरू होते, तेव्हाच बारावीचे निकाल लागतात. घाईत विषय निवडले जातात आणि नंतर रस्ता अडतो. म्हणून आज आम्ही एका वेगळ्या विषयाची माहिती देणार आहोत.

शरीराची कामं भौतिकशास्त्राच्या नियमांनी समजून घेणं म्हणजे जीवभौतिकशास्त्र. हृदयाचा ठोका पडताना बारीक वीज वाहते. ईसीजीच्या कागदावर तिचीच रेघ उमटते. आपल्या कातडीत आणि हाडांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्याचे तीन पदर दोरासारखे पिळलेले असतात, म्हणून त्याला बळकटी येते. ही रचना १९५० च्या दशकात मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली.

हे शिकायचं कुठे? विज्ञान शाखेतून बारावी, मग बी.एस्सी., त्यानंतर एम.एस्सी. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. प्रवेशाला बी.एस्सी.चे कोणते विषय चालतात, हे तिथे आधीच विचारून घ्या.

पुढे औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा, कॉलेजात शिकवणं आणि संशोधन असे मार्ग आहेत. कर्करोगावर संशोधन करणारं टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक आपल्यापासून जवळ, खारघरला आहे. संशोधनासाठी पीएच.डी. लागते. नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाली, तर २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे त्या शिक्षणाचा भार घरावर पडत नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कर्करोगाच्या रुग्णाला किरणांचा डोस किती आणि कुठे द्यायचा, याचं गणित मेडिकल फिजिसिस्ट करतो. लेकीला ते काम करायचं असेल, तर बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र हाच मुख्य विषय हवा. पुढे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि त्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, हा नेहमीचा रस्ता. भाभा अणुसंशोधन केंद्रात हा एक वर्षाचा डिप्लोमा होतो.

म्हणून अकरावीलाच सांभाळा. जमत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. "मुलीला गणित कशाला?" असं कुणी म्हणालं, तर हे सगळे रस्ते त्यांना सांगा. बारावीनंतर निदान पाच वर्षं शिकावं लागतं, हेही लपवू नका. खर्चाचा विचार बचत गटाच्या बैठकीत आताच करा. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ नको.