कोणते ड्रॉइंग खरे?

लेथवर काम करणाऱ्या टर्नरच्या हाती जो कागद येतो, त्याला कारखान्यात ड्रॉइंग म्हणतात. नावावरून नवख्या माणसाची अशी समजूत होते, की हे एक प्रकारचे चित्रच असावे. वस्तुतः ते चित्र नव्हे. ती आज्ञा होय. चित्रकाराने काढलेले झाड खऱ्या झाडाहून थोडे निराळे झाले, तरी कोणाचे काही बिघडत नाही. ड्रॉइंगमधील एक अक्षर बदलले, तर लोखंड निराळ्या मापाचे कापले जाते.

२५ मिलिमीटर व्यासाची एक साधी पिन घ्या. मापापुढे ‘जी ६’ अशी खूण असेल, तर तिचा व्यास २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर यांच्या दरम्यान हवा. नेहमीच्या ‘एच ७’ मापाच्या भोकात ती सहज सरकते. त्याच जागी ‘पी ६’ असेल, तर व्यास २५.०२२ ते २५.०३५ मिलिमीटर हवा, आणि ती पिन प्रेसवर दाबूनच बसवावी लागते. डोळ्याला हा फरक दिसणार नाही. मायक्रोमीटरला मात्र तो स्वच्छ दिसतो. आता असे समजा, की पिन सैल पडते अशी तक्रार आली, आणि आरेखकाने ‘जी’चा ‘पी’ केला. कचेरीतील ड्रॉइंग सुधारले. पण टर्नरच्या कपाटात जुनी प्रत तशीच राहिली. तो तिच्याबरहुकूम शंभर पिना करतो. एकही पीन ड्रॉइंगबाहेर जात नाही, आणि तरीही सगळा माल भंगारात जातो. काम चोख करणाऱ्या माणसालाच येथे दोष लागतो, हे त्यातील विशेष दुःख.

जुन्या काळी यावर एक उपाय होता, आणि तो वाटतो तितका बावळट नव्हता. ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने काढलेली मूळ प्रत एकच असे. काढणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा अशा तिघांच्या सह्या तिच्या कोपऱ्यात असत. तिच्यावरून छापे निघत. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेल्या रासायनिक क्रियेमुळे निळ्या भूमीवर पांढऱ्या रेषा उमटू लागल्या. ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द त्या निळ्या रंगाचा. पुढे अमोनियाचे छापे आले आणि ड्रॉइंग-कचेरीला तो उग्र वास कायमचा चिकटला. सुधारणा झाली, की कोपऱ्यातील रिव्हिजनचे अक्षर पुढे सरके, आणि एक माणूस विभागोविभाग हिंडून जुने छापे गोळा करून फाडून टाकी. बेळगावसारख्या ओतकामाच्या गावी तर छापा बदलून भागत नसे. लाकडी पॅटर्नही त्याच दिवशी बदलावा लागे.

१९६३ साली अमेरिकेत इव्हान सदरलंड यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेषा काढून दाखविल्या. त्यानंतर आरेखनाचे काम हळूहळू संगणकाकडे गेले, आणि मूळ प्रत एकच असण्याची जुनी सोय संपली. संगणकातील प्रत करावयास पैसा लागत नाही, श्रम लागत नाहीत. म्हणून प्रती वाटेल तितक्या होतात, आणि त्यांतील खरी कोणती हे तोंडावरून ओळखता येत नाही.

यास्तव कारखान्यांना दुसऱ्या प्रकारची प्रणाली घ्यावी लागली. ती ड्रॉइंग काढीत नाही, ड्रॉइंग राखते. तिचे बरेचसे काम ग्रंथपालासारखे आहे. एका आरेखकाने ड्रॉइंग बदलण्यासाठी घेतले, की इतरांना ते वाचता येते, पण त्यावर रेघ मारता येत नाही. बदलाला कारण नोंदवावे लागते, आणि मंजुरी मिळेपर्यंत कारखान्यात जुनेच ड्रॉइंग चालते. मंजुरी मिळाली, की यंत्राजवळच्या पडद्यावर नवीन दिसू लागते. कामगाराला ते मोठे करून, फिरवून पाहता येते, बदलता येत नाही. ती पिन आणखी कोणकोणत्या यंत्रांत वापरली आहे आणि कितव्या नगापासून नवे माप लागू आहे, हेही प्रणाली सांगते. ग्रंथपालाला इतके कोणी विचारीत नाही!

परंतु प्रणाली घेतली म्हणजे घोटाळा टळतो, असे नव्हे. युरोपातील एअरबस कंपनीच्या ए-३८० या प्रचंड विमानाचे तसेच झाले. त्यात पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या विजेच्या तारा आहेत. जर्मनीतील हॅम्बर्गचे अभियंते ‘कॅटिया’ या आरेखन-प्रणालीची चौथी आवृत्ती वापरीत, तर फ्रान्समधील तुलूझचे पाचवी. नाव एक, पण दोन आवृत्त्यांमध्ये माहितीची देवाणघेवाण नीट होईना. एकीकडे केलेला बदल दुसरीकडच्या प्रतिकृतीत यथास्थित उतरला नाही. हॅम्बर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूझला विमानाच्या सांगाड्यात ओवू लागले, तेव्हा ते ठिकठिकाणी तोकडे पडले. हवेत मोकळी लोंबणारी तार असती तर चार बोटे ओढून घेता आली असती; येथे प्रत्येक वळण ठरलेले. हॅम्बर्गहून कारागीर बोलावून हातांनी दुरुस्ती करावी लागली. पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडले ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी, जवळजवळ दोन वर्षे उशिरा. दरम्यान २००६ साली कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदे सोडावी लागली, आणि २०१० पर्यंतच्या नफ्यात सुमारे ४८० कोटी युरोंची खोट येईल असे जाहीर करावे लागले. दोन्हीकडचे अभियंते निष्णात होते. दोघांपुढची ड्रॉइंगे मात्र एक नव्हती.

एका प्रणालीतील आकृती दुसरीला वाचता यावी, म्हणून १९९४ साली ‘स्टेप’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध होऊ लागले. त्याची गरज केवळ दोन गावांपुरती नाही, दोन पिढ्यांपुरतीही आहे. ट्रेसिंग कापड शंभर वर्षांनी उलगडले, तरी डोळे असलेल्या कोणालाही वाचता येते. वीस वर्षांपूर्वीची संगणकातील फाइल मात्र उघडेलच असे नाही. ए-३८० ची निर्मिती २०२१ साली थांबली. तयार झालेल्या विमानांपैकी कित्येक अजून उडत आहेत, आणि ती उडतात तोवर त्यांच्या तारांची ड्रॉइंगे दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला उघडून पाहता आली पाहिजेत.