बातमीखाली नाव कोणाचे?

मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांचे पांढरेशुभ्र, फुगीर जाकीट घातलेले एक छायाचित्र जगभर पसरले. अनेकांना ते खरे वाटले. प्रत्यक्षात ते कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेले नव्हते. 'मिडजर्नी' नावाच्या संगणकीय साधनाने ते काही शब्दांच्या सूचनेवरून रचले होते. पुढे २०२४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात, बनावट चित्रांच्या धोक्याविषयी लिहिताना, आपणही त्यांच्या तावडीतून सुटलो नाही, असे दिवंगत पोपमहोदयांनी नमूद केले.

जाकिटाने कोणाचे फारसे बिघडले नाही. बनावट शब्दांचे तसे नाही. ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांची निवड झाली आणि थोड्याच दिवसांत, बुर्किना फासोच्या लष्करी राष्ट्रप्रमुखांना उद्देशून ते बोलत असल्याची चित्रफीत यू-ट्यूबवर आली. चेहरा त्यांचा, आवाजही त्यांचाच वाटावा असा. शब्द मात्र त्यांनी कधीच न उच्चारलेले. ती बनावट असल्याचा खुलासा व्हॅटिकनच्या वृत्तसेवेला करावा लागला. परमगुरूंचे म्हणून जे ऐकतो त्यावर आपण श्रद्धेने विश्वास ठेवतो. फसवणाऱ्याला नेमका तोच विश्वास हवा असतो.

म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी नीतिनियम घडवण्याचे काम गेली काही वर्षे चालू आहे. २८ फेब्रुवारी २०२० रोजी रोममध्ये परमधर्मपीठाच्या जीवनविषयक अकादमीने मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आदींसह एका आवाहनावर स्वाक्षरी केली. त्यातील पारदर्शकता, उत्तरदायित्व, निःपक्षपातीपणा आदी तत्त्वे सर्वच क्षेत्रांसाठी आहेत. केवळ पत्रकारितेसाठी अशी सनद १० नोव्हेंबर २०२३ रोजी पॅरिस येथे जाहीर झाली. नोबेल पारितोषिक विजेत्या फिलिपिनो पत्रकार मारिया रेसा ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ती तयार केली. तिचा गाभा साधा आहे : साधन कोणतेही वापरा, छापलेल्या मजकुराची जबाबदारी वृत्तसंस्थेचीच; आणि खरे चित्र कोणते, यंत्राने रचलेले कोणते, ह्यातील सीमारेषा वाचकाला स्पष्ट दिसली पाहिजे. असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने तर ऑगस्ट २०२३ मध्येच आपल्या पत्रकारांना सांगितले की, यंत्राने दिलेला मजकूर हा न तपासलेल्या माहितीसारखा समजावा.

ही सावधगिरी का, हे एका उदाहरणाने कळेल. सीनेट ह्या अमेरिकन संकेतस्थळाने यंत्राकडून आर्थिक विषयांवरील ७७ लेख लिहून घेतले. जानेवारी २०२३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. १०,००० डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवल्यास वर्षाअखेरीस १०,३०० डॉलरची कमाई होईल, असे एका लेखात होते! व्याज ३०० डॉलर, हे शाळकरी मूलही सांगेल. यंत्र खोटे बोलत नाही. खरे-खोटे हा प्रश्नच त्याच्यापुढे नसतो. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल एवढेच ते जुळवते. त्यामुळे त्याची चूकही सफाईदार भाषेत येते आणि नजरेतून निसटते.

आमचाही एक अनुभव सांगतो. इंग्रजीतील एका पत्रकाचे भाषांतर घाईत यंत्राकडून करून घेतले. मसुद्यात 'पवित्र मिस्सा' ह्याऐवजी 'पवित्र वस्तुमान' असे छान, शुद्ध मराठीत लिहिलेले होते. तेव्हा हसलो. नंतर वाटले, ही चूक हास्यास्पद होती म्हणून सापडली. तारखेची किंवा नावाची असती तर?

तेव्हापासून आम्ही काही पथ्ये पाळतो. यंत्राने केलेले भाषांतर मूळ मजकुराशी ताडून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध होत नाही, आणि ताडणाऱ्याचे नाव खाली असते. पोपमहोदयांचे वा बिशपांचे म्हणून आलेले कोणतेही वचन, ते कितीही भक्तिपूर्ण असो, अधिकृत स्रोतात सापडेपर्यंत थांबवले जाते. घडलेल्या प्रसंगाचे यंत्रनिर्मित चित्र आम्ही वापरत नाही.

नाताळच्या शुभेच्छापत्रावर यंत्राने काढलेली गव्हाणी चालेल का, ह्यावर मात्र कार्यालयात अजून एकमत नाही. 'चालेल, पण तसे खाली लिहा,' असे माझे मत. मुद्रिते तपासणाऱ्या सिस्टर विचारतात, "फादर, धर्मग्रामातील मुले चित्रे घेऊन दारात उभी असताना ते हवेच कशाला?"