धुराचा माग आणि जमिनीची नोंद

भाताची कापणी आटोपली म्हणजे आक्टोबर-नोव्हेंबरांत पंजाब व हरियाणा येथील शेतकरी धसकटें व पेंढा जाळून रान गव्हास मोकळें करितात. भूजल राखण्यासाठीं २००९ सालीं पंजाबांत कायदा होऊन भाताची लावणी जूनच्या मध्याकडे गेली. त्यामुळें कापणी व गव्हाची पेरणी यांमध्यें दिवस फार थोडे उरतात. काडी लावणारा ती हौसेनें लावीत नाहीं. हा धूर वायव्येच्या वाऱ्याबरोबर दिल्लीवरून गंगेच्या खोऱ्यांत पसरतो, हें आतां उपग्रहांच्या चित्रांत रोज दिसतें. या पाहणीच्या आधारें पंजाबांत जाळणाराच्या जमिनीच्या दप्तरांत ‘लाल नोंद’ झाल्याचीं उदाहरणें आहेत. तशी नोंद पडली म्हणजे जमीन विकणें वा तारण ठेवणें अडतें. सबब ही पाहणी कशी होते, हें जमीनदार वाचकांनीं समजून घ्यावें.

उपग्रह दोन गोष्टी टिपतो, धूर आणि आग. ढग शुभ्र दिसतात. धूर करडा व विरळ असून त्यांतून जमीन अंधुक दिसते. रोजचीं चित्रें ओळीनें लावून वाऱ्याची दिशा ताडून पाहिली कीं धुराचा माग लागतो. मात्र वरून दिसतो तो हवेच्या साऱ्या थरांतील धूर. आपल्या नाकाशीं किती आला, तें खालच्या मापनयंत्रासच विचारावें.

आग ओळखतात ती उष्णतेच्या अदृश्य किरणांवरून. सभोंवारच्या रानाहून एखादा रकाना फार तप्त आढळला कीं नकाशावर ठिपका उमटतो. २०११ सालीं सोडलेल्या सुओमी एन. पी. पी. या अमेरिकन उपग्रहाचा रकाना सुमारें ३७५ मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे अदमासें ३५ एकर! त्यांत आपल्याकडे किती पोटहिस्से बसतील, याचा हिशेब वाचकांनींच करावा. आग एका कोपऱ्यांत असली तरी ठिपका साऱ्या रकान्याचा. आपल्याकडील उसाच्या पाचटाची आगही अशीच उमटते.

शिवाय हा उपग्रह दुपारीं दीडच्या सुमारास माथ्यावरून जातो. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली कारकुनींत गेली. साहेबांच्या फेरीची वेळ गांवास कळली म्हणजे काय होतें, तें त्यानें पाहिलें आहे. एका स्थळीं स्थिर राहून दर दहा मिनिटांस चित्र घेणाऱ्या कोरियाच्या उपग्रहावरून, दुपार उलटल्यावर धूर वाढतो, असें नासामधील संशोधक हिरेन जेठवा यांनीं २०२४ सालीं दाखविलें. म्हणून ठिपके घटले तेवढ्यानें आगी घटल्या असें होत नाहीं. वेळ चुकविली ती हेतुपूर्वक कीं सोयीनें, हें मात्र उपग्रहास सांगतां येत नाहीं.

तेव्हां ठिपका ही खबर समजावी, पुरावा नव्हे. चावडींत बसून भरलेल्या पीकपाहणींत पडीक जमिनीवर ज्वारी उभी असलेली आम्हीं एकदां पाहिली आहे! ज्याच्या रकान्यांत ठिपका पडला त्यानें पंचांसमक्ष बांधावर पाहणी मागावी, आणि तीही दोन-चार दिवसांत. रान नांगरलें म्हणजे राख मातींत जाते. मग जाळलें कोणीं व न जाळलें कोणीं, हें कशावरून ठरवावें?