शेताच्या बांधावर कुंपण घालायचंय, शेजाऱ्याकडून निम्मा खर्च मागता येतो का?

रानडुकरं, रोही आणि मोकाट जनावरं बांध बघून पिकात शिरत नाहीत. त्यांचा त्रास दोन्ही शेतांना सारखाच. त्यामुळे कुंपण घालायचं ठरलं की तारा आणि खांबांचा खर्चही निम्मा-निम्मा व्हावा, असं वाटणं साहजिक आहे. पण शेजारी म्हणतो, "आम्हाला काही गरज नाही, तुम्हाला घालायचं तर घाला."

मग त्याच्याकडून खर्च वसूल करता येतो का?

थेट उत्तर आहे, नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४० नुसार आपल्या जमिनीची सीमाचिन्हं, म्हणजे हद्दीचे दगड वगैरे, सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी खातेदाराची असते. पण सीमाचिन्ह वेगळं आणि कुंपण वेगळं. शेजाऱ्यानं कुंपणाचा निम्मा खर्च द्यावाच, अशी सक्ती ही संहिता करत नाही.

काही जण भारतीय करार कायद्याच्या कलम ७० कडे बोट दाखवतात. एखाद्यानं फुकट करण्याचा हेतू न ठेवता दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या काही केलं आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्यानं भरपाई द्यावी, असं हे कलम सांगतं. पण त्यात एक मेख आहे. तो लाभ नाकारण्याची संधी समोरच्याला असायला हवी. ज्यानं आधीच 'नको' म्हटलंय, त्याच्या बांधावर कुंपण उभं करून मग बिल पाठवलं, तर ते कोर्टात टिकणं कठीण.

म्हणजे जे काही होईल ते संमतीनंच.

काही देशांमध्ये चित्र वेगळं आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथं, १९६८ पासून कुंपणाचा स्वतंत्र कायदा आहे. तिथं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो लागू होतो. कुंपण घालायचं असेल तर शेजाऱ्याला नोटीस द्यायची, ३० दिवसांत एकमत झालं नाही तर कोर्टात जाता येतं. या कायद्याचं एक सूत्र मात्र आपल्या बांधावरही उपयोगी पडेल असं आहे: दोघांसाठी पुरेसं ठरेल अशा कुंपणाचा खर्च निम्मा-निम्मा, आणि त्यापेक्षा भारी कुंपण ज्याला हवं असेल त्यानं वरचा खर्च एकट्यानं करायचा.

उदाहरण घेऊ. समजा, सामाईक बांध १०० मीटरचा आहे. एकाला चार फुटी काटेरी तार पुरेशी वाटते आणि तिचा खर्च २४,००० रुपये येतो. दुसऱ्याची डाळिंबाची बाग आहे, त्याला चेनलिंक जाळीच हवी आणि तिला ६०,००० रुपये लागतात. ६०,००० चे निम्मे मागितले तर भांडण ठरलेलंच. त्याऐवजी २४,००० चे निम्मे, म्हणजे १२,००० रुपये पहिला देईल. उरलेले ४८,००० बागवाला भरेल. पहिल्यावर न मागितलेल्या जाळीचा भार पडत नाही आणि बागवाल्याचेही १२,००० वाचतात.

पैशांची ही बोलणी तुलनेनं सोपी आहेत. खरी अडचण असते ती कुंपणाच्या रेषेची, आणि गंमत म्हणजे तिच्याबद्दल सगळ्यात शेवटी बोललं जातं.

बांध सरळ नाही, मध्ये झाड आहे, ओघळ आहे, म्हणून 'चल, दोन फूट आत घेऊ' असं ठरतं. १०० मीटर म्हणजे सुमारे ३२८ फूट. दोन फूट आत घेतल्यावर ६५६ चौरस फूट जमीन कुंपणापलीकडे जाते. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन.

आज दोघांनाही हे माहीत असतं. वीस वर्षांनी दोघांची मुलं वाटणीला बसतात, तेव्हा त्यांना दिसते ती फक्त तार. मुदत कायदा, १९६३ नुसार दुसऱ्याच्या ताब्यातली जमीन परत मिळवण्याचा दावा साधारण १२ वर्षांच्या आत करावा लागतो. परवानगीनं दिलेला ताबा हा विरोधी ताबा ठरत नाही, हे खरं. पण ती परवानगी सिद्ध करायला कागद लागतो.

म्हणून आधी मोजणी. हद्दीबद्दल जराही शंका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करता येतो. हा अर्ज ऑनलाईनही करता येतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, मोजणी होते आणि नकाशाची 'क' प्रत मिळते. मोजणीची फीसुद्धा दोघांनी वाटून घेता येते, आणि खर्च वाटून घेण्याची सुरुवात इथूनच केलेली उत्तम. दोघांनी पैसे भरलेल्या मोजणीवर 'ती तुझी मोजणी' असं नंतर म्हणता येत नाही. रब्बी निघाल्यावर, शेत मोकळं असताना हे काम बरं पडतं. उभ्या पिकात दगड रोवायला कोणीच तयार नसतं.

त्यानंतर लिहून घेणं. "शेजाऱ्याकडून काय लिहून घ्यायचं?" हा संकोच बहुतेकांना असतो. पण कागद त्याच्यासाठीही तितकाच असतो. त्यात गट नंबर, बांधाची लांबी, कुंपणाचा प्रकार, कोणी किती पैसे दिले आणि दुरुस्ती कोण करणार, हे असावं. खांब वाकतात, तार तुटते, त्यामुळे दुरुस्तीचं कलम सर्वांत आधी कामी येतं. कुंपण हद्दीपासून आत-बाहेर असेल तर 'कुंपण सोयीसाठी इथं आहे, हद्द मोजणी नकाशाप्रमाणेच राहील' हे एक वाक्य हवंच.

असा करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर साक्षीदारांसमोर करता येतो. १०० रुपयांचा मुद्रांक महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून इतिहासजमा झाला आहे. मात्र या कागदानं जमिनीची मालकी बदलत नाही. खरोखरच तुकडा द्यायचा-घ्यायचा असेल तर तो नोंदणीचा वेगळा विषय आहे, तोही तुकडेबंदीच्या नियमांत बसला तर.

सही कोणाची घ्यायची हेही पाहावं. सातबारावर तीन भावांची नावं असतील आणि बोलणी फक्त गावात राहणाऱ्या भावाशी झाली असतील, तर पुण्याहून येणारा भाऊ दिवाळीत खांब बघून हरकत घेऊ शकतो.

दोघांचं एकमत असलं तरी दोन गोष्टी करता येत नाहीत. बांधावरून तिसऱ्याची वहिवाट किंवा पाण्याचा प्रवाह असेल तर तो अडवता येत नाही. अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागितली जाऊ शकते. आणि तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणं हा गुन्हा आहे, त्यात माणसं मेली आहेत. सौर झटका यंत्राचं कुंपण वेगळं असतं, त्यात क्षणभराचा मर्यादित झटका बसतो.

एवढं करूनही शेजारी नाहीच म्हणाला तर? मग मोजणीच्या खुणांपासून थोडं आत, पूर्णपणे स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या खर्चानं कुंपण घालावं आणि हद्दीचे दगड बाहेर दिसतील असे ठेवावेत. काम सुरू असतानाचे फोटो आणि साहित्याची बिलं जपून ठेवावीत. दोन-तीन वर्षांनी शेजारी त्याच खांबांना आपली जाळी बांधायला आला, तर खर्चाचं बोलणं पुन्हा काढता येतं, आणि तेव्हा ती बिलं समोर ठेवता येतात.