अंड्याच्या बलकात पकडलेलं विष

‘मांस खाणाऱ्या जिवाणू’ची बातमी छापून आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: इतकी जालीम अँटिबायोटिक्स असताना रुग्णाचा पाय कापायची वेळ का येते?

कारण औषध जिवाणूपर्यंत पोचतच नाही. या जिवाणूंमुळे होणारा नेक्रोटायझिंग फॅसायटिस हा आजार पसरतो तो कातडीखाली, स्नायूंवरच्या पातळ आवरणातून. तिथे रक्तपुरवठा मुळातच बेताचा. त्यात जिवाणूंच्या विषांमुळे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. पाटच बुजला तर टोकाच्या शेताला पाणी मिळणार कुठून? वरची कातडी मात्र सुरुवातीला जराशी लाल, सुजलेली, एवढीच. जखम किरकोळ दिसतेय आणि रुग्ण तर वेदनेने तळमळतोय, असं असेल तर एक तासही दवडू नये. मेलेला भाग कापून काढण्याला पर्याय नसतो. फ्रँक मेलेनी या सर्जननी १९२४ मध्ये पेकिंगमधल्या २० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पेनिसिलिनचा शोधही लागला नव्हता, तरी वेळीच लांब छेद घेऊन त्यांनी त्यातल्या बहुतेकांना वाचवलं.

मेलेनींच्या रुग्णांमध्ये स्ट्रेप्टोकोकस होता. हा एकटाच धडधाकट तरुणालाही आडवा करतो. मधुमेही रुग्णांमध्ये बऱ्याचदा ई. कोलाय आणि प्राणवायू न सोसणारे जिवाणू मिळून हल्ला चढवतात. कोमट समुद्राच्या पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस जखमेतून शिरतो. यकृताचा आजार असलेल्यांना त्याचा धोका फार मोठा, कारण त्यांच्या रक्तात त्याला हवं ते लोह सहज मिळतं.

पण मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतो तो मातीतला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या शेणखत घातलेल्या शेतांत सैनिक जखमी होऊन पडले आणि त्यांच्या जखमांत यानेच गॅस गँगरीन माजवलं. त्याचं विष नेमकं करतं काय, हे दुसरं महायुद्ध पेटेपर्यंत कोडंच होतं. मार्जरी मॅकफर्लेन आणि बी. सी. जे. जी. नाइट यांनी १९४१ मध्ये ते सोडवलं. हे विष म्हणजे लेसिथिन तोडणारं एन्झाइम निघालं. आणि लेसिथिन तर आपल्या पेशींच्या आवरणातच असतं! जिवाणूचं विष एन्झाइम असू शकतं, हे तेव्हा प्रथमच सिद्ध झालं.

अंड्याच्या बलकातही लेसिथिन असतं. म्हणून प्रयोगशाळेत बलक घातलेल्या प्लेटच्या अर्ध्या भागावर प्रतिविष लावतात आणि दोन्ही भागांतून जिवाणूची एकच रेघ ओढतात. दुसऱ्या दिवशी उघड्या भागात रेघेभोवती दुधी वलय उठलेलं असतं, प्रतिविषाच्या बाजूला काही नाही. मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्यांना ही नॅग्लर टेस्ट पाठ असते. मॅकफर्लेन हे नाव मात्र त्यांच्या कानावरून क्वचितच जातं. ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवं, कारण विष हाच खरा शत्रू आहे हे त्या कामामुळे स्पष्ट दिसलं. आज स्ट्रेप्टोकोकस किंवा क्लॉस्ट्रिडियम असेल तर पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतात. ते जिवाणूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा अडवतं आणि त्याबरोबर विषाचं उत्पादनही थांबवतं.